फोन हलतो की टेबल

माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरांनी नाव कापलं की मीच जाणं सोडलं, याबद्दल घरात दोन मतं होती. ती मतं असणारे आता कोणी उरले नाहीत, तेव्हा मीच सोडली असं धरा. त्यानंतर वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलो आणि पन्नास वर्षं याच रायपुरात टेबलं, पलंग, कपाटं, देव्हारे केले. गुढियारीत दुकान होतं. लोक म्हणायचे, या मिस्त्रीच्या हातून सूत सुटत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. ही गोष्ट मी पसरवली नाही. पसरत होती तेव्हा अडवली नाही, एवढंच.

नात माझी पुण्याला कंप्युटरच्या नोकरीत आहे. तिथं तिनं लहानसा फ्लॅट घेतला. यंदा दहा दिवसांच्या सुटीवर आली ती दोन गोष्टी घेऊन. एक, तिच्या बापासाठी, म्हणजे माझ्या मुलासाठी, नवा फोन. दुसरी, माझ्यासाठी काम. पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाली, "आबा, मेरे घर के लिए डाइनिंग टेबल आप बना दो ना. एकदम ऐसाच."

आमच्या नातीला मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदी. आता सवय झाली. ऐसाच म्हणजे आम्ही जेवत होतो ते टेबल. सागवानाचं, सहा माणसांचं, ती जन्मली त्या वर्षी मी केलेलं. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड.

मी हो म्हणायच्या आत मुलगा म्हणाला, "बाबा, आता काहून तरास घेता? हात थरथरते तुमचा. तिले मोबाइलवरून मागवून देऊ. चार पेच कसले की टेबल तयार."

"हात माझा हाय का तुझा?"

"तुमचाच हाय. म्हणून तर सांगून राहिलो."

नात म्हणाली, जायच्या आधी ठरवू. मुलगा म्हणाला, पाहू. आमच्या घरी पाहू म्हणजे नाही.

दुकान बंद करून मला सहा वर्षं झाली होती. हे काम मिळालं तर ते माझं शेवटचं ठरणार होतं. नाही मिळालं, तर शेवटचं काम सहा वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, आणि तो एका दवाखान्यात पेशंटांना बसायचा बाक होता. बाकात वाईट काही नाही. पण त्याच्यावर बसणाऱ्या माणसाचं बाकाकडे लक्ष नसतं.

जेवण झाल्यावर फोनचा डबा उघडायचा कार्यक्रम झाला. नातीनं आधी कंपनीची माहिती सांगितली. कंपनी विलायती आहे, जगात तिच्यासारखी दुसरी नाही, केसाएवढी चूक त्यांना चालत नाही. एक कोपरा किती गोल करायचा यावर म्हणे त्यांची माणसं महिनोन् महिने बसतात. "आबा, अंदर का जो हिस्सा किसी को दिखता नहीं, वो भी ये लोग सुंदर बनाते हैं."

"दिसत नाही तर तुले कसं समजलं?"

"सब बोलते हैं, आबा."

माझ्याबद्दलही सगळेच बोलायचे.

तिनं डब्याचं झाकण दोन बोटांनी उचललं आणि सोडलं. झाकण एकदम पडलं नाही. खालची हवा हळूहळू निघाली आणि झाकण आपल्या वजनानं, सरळ, कुठंही न अडकता खाली बसलं. मी तिच्याकडून डबा मागून घेतला आणि पाच-सहा वेळा झाकण सोडून पाहिलं. दरवेळी तेच. असं झाकण लाकडात करायचा मी आयुष्यात दोनदा प्रयत्न केला. एकदा जमलं, ते पावसाळ्यात फुगून बसलं ते आजपर्यंत उघडलं नाही. यांनी हे पुठ्ठ्यात केलं होतं. मी म्हटलं, "माणसं कारागीर हायत." नातीचा चेहरा असा फुलला की जणू कंपनी तिच्या बापाची आहे.

मग मुलानं फोन टेबलावर ठेवला आणि काही लिहायला बोट लावलं. फोन डुगडुगला. दुसरीकडे बोट लावलं, पुन्हा डुगडुगला. एका पायानं आखूड असलेला पाट डुगडुगतो, तसा.

मुलानं फोन पाहिला नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं.

"बाबा, टेबल हलते काय हो?"

पंचवीस-सव्वीस वर्षं हा माणूस त्या टेबलावर जेवला. मी टेबलावर दोन्ही हात ठेवून पूर्ण वजन टाकलं. टेबल हललं नाही. मी फोन उचलून उलटा केला. पाठीच्या एका कोपऱ्यात क्यामेऱ्याचे तीन डोळे होते, आणि ते पाठीच्या वर चांगले सूतभर आलेले होते. ज्या वस्तूच्या पाठीवर एका कोपऱ्यात टेंगूळ आहे, ती उताणी ठेवली तर हलणारच. त्याला शाळा लागत नाही.

"हे पाय," मी म्हटलं, "तुझा फोन हलते."

"कंपनीच्या ध्यानात आलं नसन काय? तुमच्या ध्यानात आलं आन् त्यांच्या नाही?"

"त्यांना विचार."

मी फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. तिथंही हलला. खिडकीच्या कट्ट्यावर, काचेवर ठेवला. हलला. मुलगा म्हणाला, आपल्या घरी एकही जागा सरळ नाही. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, भांडी आवरता आवरता म्हणाली, "फोन का कपबशी हाय, इकडून तिकडं फिरवून राहिले." सून शाळेत शिकवते. ती वह्या तपासायच्या आहेत म्हणून आत निघून गेली. या घरात शहाणं माणूस तेवढं एकच.

नातीला वाईट वाटलं ते मला दिसलं. फोन तिच्या कमाईचा होता. पण माझंही टेबल होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आपला कंप्युटर उघडला, तेव्हा त्याच कंपनीचा उंदीर, तो हातात धरून फिरवायचा असतो तो, उताणा पडलेला होता. पोटात वायर घुसलेली. मेलेलं झुरळ पडतं तसा.

"याला काय झालं?"

"चार्ज हो रहा है, आबा."

"मंग काम कशानं करशीन?"

"अभी नहीं कर सकते. चार्ज होने के बाद."

"वायर नाकात काहून नाही लावली?"

तिनं उंदीर उचलून नाकाकडून पाहिला. "पता नहीं," म्हणाली. "शायद सामने से अच्छा नहीं दिखता."

हे मला समजलं. कपाटाच्या पुढच्या दाराला सगळं सागवान आणि मागच्या बाजूला मिळेल ती फळी, असं करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. पण दार देखणं दिसावं म्हणून कडी आतून लावणारा मिस्त्री नव्हता पाहिला.

माझंच सांगतो. तात्यापाऱ्यातच, म्हणजे आम्ही राहतो त्या मोहल्ल्यातच, एका वकिलाकडे मी भिंतीएवढं कपाट केलं होतं. एका दाराचा कोपरा माझ्या हातून थोडा जास्त कापला गेला. मी लाकडाचा भुसा सरसात कालवला, फट भरली, घासली, पॉलिश मारलं. वकीलसाहेबांनी पाहुण्यांना कपाट दाखवताना नेमका त्याच कोपऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पाहा, दोन फळ्या आहेत असं वाटत तरी आहे का. मी खाली मान घालून उभा राहिलो. पाहुणे म्हणाले, मिस्त्री फार विनयी आहे. नाव असं होतं माणसाचं. वस्तू उलटी करून पाहणारं गिऱ्हाईक मला पन्नास वर्षांत तीनदा भेटलं असेल.

तर मुलगा ऐकेना आणि मी ऐकेना, म्हणून नात म्हणाली, दुकानात विचारून घेऊ. पंडरीत कापडाच्या ठोक बाजाराच्या पुढे या कंपनीचे फोन विकणारं मोठं दुकान झालं आहे. तिथं नात आणि मी गेलो. आत इतकं थंड होतं की मी गमछा डोक्याला गुंडाळला. काउंटरवर काळ्या बनियनसारख्या शर्टातला एक जण होता. मी फोन काउंटरवर ठेवला आणि कोपरा दाबून हलवून दाखवला.

"भैया, ये हिलता है."

"हाँ अंकल, हिलेगा. कैमरा बाहर है ना."

"तो ये खराबी है?"

"नहीं अंकल, सबका हिलता है."

त्यानं काउंटरवरचे दुसरे तीन फोन उताणे ठेवून एकेकाला बोट लावून दाखवलं. सगळे हलले. त्याच्या मते त्यानं माझं समाधान केलं होतं.

"भैया, मैं टेबल बनाता हूँ. मेरा एक टेबल हिले तो गिराहक वापस करता है. सब टेबल हिले तो मैं क्या बोलूँ, सबका हिलता है?"

"अंकल, कवर लगा लो. कवर मोटा आता है, कैमरा बराबर हो जाएगा. फिर नहीं हिलेगा."

"तो कंपनी ने खुद काहे नहीं लगाया?"

"कवर लगाने से फोन की सुंदरता छुप जाती है ना, अंकल."

"और आप बोल रहे हो लगा लो."

"सब लगाते हैं," तो म्हणाला.

माझ्या नातीनं कव्हर घेतलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आबा, आपने उसको परेशान कर दिया." मी म्हटलं, मी कोणाला परेशान केलं नाही, मी एक प्रश्न विचारला. फोन देखणा, तो कव्हरात झाकायचा. झाकला नाही तर हलतो. म्हणजे या कंपनीचा फोन पूर्ण पाहिलेला माणूस फक्त दुकानदार. नात हसली. रिक्षात ती म्हणाली की ही कंपनी तशी चुका मानत नाही. मागे केव्हा तरी त्यांचा एक फोन हातात धरला की आवाज तुटायचा. लोकांनी तक्रार केली, तर म्हणे तुम्ही धरता चुकीचा.

घरी येताना मी जिंकलो होतो. फोन हलतो हे त्याच्या दुकानदारानं कबूल केलं होतं. टेबलाचा काही दोष नाही, हात थरथरतो हा विषय बंद, आणि नातीचं काम माझं. मी मुलाला सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत फोनला कव्हर घालत होता. फोन टेबलावर ठेवला, चारी कोपरे दाबले. हलला नाही.

"आता तर हलत नाही ना बाबा?"

"आता नाही हलत."

"मंग आता पाहा."

फोनात एक पाणसळ असते. खरी पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा, बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. फोनात बुडबुड्याच्या जागी आकडा येतो. सपाट असेल तर शून्य. मुलानं ती उघडली. आकडा आला एक.

त्यानं फोन फिरवून ठेवला, पुन्हा एक. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, एक.

"ज्याले काल सोताले सरळ बसता येत नव्हतं, तो आज माझं टेबल मोजते?" मी म्हटलं. सगळे हसले, मुलगाही हसला. पण मग तो म्हणाला, "बाबा, एवढं मनावर नका घेऊ. वय होते. तिच्यासाठी मागवून टाकू, रेडीमेड." तीन दिवसांनी तिची गाडी होती. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा कामावर होता, सून शाळेत, नात मैत्रिणीकडे गेली होती. मी पेटीतून माझी पाणसळ काढली. पितळी कडांची, वडिलांची. टेबलावर ठेवली. बुडबुडा मधे आला नाही, मोरीच्या बाजूला सरकला. मी पाणसळ उलट्या तोंडानं ठेवली. हत्यार चुकीचं असेल तर बुडबुडा आता दुसऱ्या बाजूला जायला हवा. तो त्याच बाजूला गेला. हत्यार बरोबर होतं.

मग टेबलाखाली शिरून पाय मोजले. मोरीच्या बाजूचे दोन पाय रस्त्याच्या बाजूच्या दोन पायांपेक्षा लांब होते. चार सूत. म्हणजे अर्धा इंच. मी तीनदा मोजलं. माझ्या आयुष्यात माझ्या हातून चार सूत कधी गेलं नाही, आणि गेलं ते माझ्याच घरात, रोज तीन वेळा हात टेकतो त्या वस्तूत.

म्हातारी आली तेव्हा मी टेबलाखालीच होतो.

"पडले काय?"

"नाही. मोजून राहिलो."

"काय निघालं?"

मी सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मी चार वर्षांपासून सांगून राहिली की ताटात वरण एका बाजूले जाते. तुम्ही म्हणाले ताट वाकडं हाय. ताटं ठोकून आणली तुम्ही. मंग म्हणाले मी वाढते वाकडं."

हे खरं होतं. ताटं मी स्वतः ठठेऱ्याकडे, म्हणजे तांबटाकडे, नेली होती. त्यानं म्हटलं होतं, सरळ आहेत. मी म्हटलं होतं, तुला दिसत नाही, ठोक.

चार वर्षांपासून, हे शब्द मात्र माझ्या डोक्यात अडकले. त्याच्या आधी का नाही? आमच्या पाऱ्यात जुन्या घरांची जमीन फरशी दगडाची असायची आणि सपाट कधीच नसायची. मोरीकडे उतार ठेवायचे, कारण घर रोज बादलीनं धुवायचे आणि पाणी आपलं आपण बाहेर जायला हवं. म्हणून आमच्यातला मिस्त्री घरात टेबल किंवा कपाट बसवायला गेला की आधी तांब्याभर पाणी मागायचा. गिऱ्हाईकाला वाटायचं, प्यायला. तो ते जमिनीवर ओतायचा, पाणी कुठं जातं ते पाहायचा, आणि त्या हिशेबानं पाय जागेवर कापायचा. मी असंच केलं असणार. दुसऱ्याच्या घरी केलं, तर आपल्या घरी कसं नाही करणार?

मी तांब्या घेतला आणि खोलीच्या मधोमध पाणी ओतलं.

"आत्ताच पुसली ना मी फरशी," म्हातारी म्हणाली.

पाणी कुठंच गेलं नाही. पडलं तिथंच गोल होऊन बसलं. चार वर्षांपूर्वी मी दीड महिना भंडाऱ्याला बहिणीकडे होतो. त्या दीड महिन्यात मुलानं मला खूश करायला म्हणून दगडाची जमीन झाकून वर टाइल्स बसवल्या होत्या. टाइल्सवाल्यानं जमीन चांगली सपाट केली, टेबल उचललं, टेबल परत ठेवलं. परत आल्यावर मी टाइल्स पाहिल्या, रंगाला नावं ठेवली. टेबलाकडे पाहिलं नाही.

तेव्हा हात चुकला नव्हता. हे समजल्यावर मला जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. चार वर्षं मी वाकड्या टेबलावर जेवलो आणि मला ते दिसलं नाही. दिसलं ते मुलाच्या फोनला, तेही कव्हर घातल्यावर.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी सांगून टाकलं. पाणी, उतार, टाइल्स, सगळं. मुलगा घास थांबवून म्हणाला, "म्हणजे टेबल बरोबर, जमीन चुकली?"

"दोन्ही बरोबर. एकमेकांबरोबर चूक."

"हे तर कंपनीवाले सांगते तसं झालं, बाबा."

मग म्हातारीनं ताटांची गोष्ट सांगितली. मी सांगणार नव्हतो. ठठेऱ्यापर्यंत सांगितली. नात ऐकत होती. ती घास गिळून म्हणाली, "मतलब दादी ने कंप्लेंट की, और आपने बोला थाली ग़लत है. फिर बोला परोसती ग़लत हो." मग म्हणाली, "आबा, आप भी कंपनी निकले."

सगळ्यात जास्त म्हातारी हसली. सूनही हसली, आणि ती सहसा माझ्यासमोर हसत नाही. मी वरण संपवलं. ते माझ्याच बाजूला आलं होतं.

म्हटलं, "उद्या टेबल सरळ करतो. मंग तिच्या कामाचं बोलू."

मुलगा म्हणाला, "नाही झालं तर?"

"तर रेडीमेड."

रविवार होता. सगळ्यांनी मिळून टेबल उलटं केलं. मी गुण्यानं, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीनं, दोन पायांवर चार सुताची रेघ मारली. मुलगा म्हणाला, मी कापू का. मी म्हटलं, नको. करवत घेतली. पहिला पाय बरा कापला. दुसऱ्या पायाला मधे कुठं तरी हात डगमगला, हे मला करवतीच्या आवाजावरून समजलं. बाकीच्यांना समजलं नाही असं मी तेव्हा धरून चाललो.

टेबल सरळ उभं केलं. मुलानं एका कोपऱ्यावर हात ठेवला. टेबल डुगडुगलं.

मुलानं फोन काढला नाही, हे त्याचं मी लक्षात ठेवलं आहे. जुन्या दिवसात मी एकदा कापायचो आणि टेबल बसायचं. खाली कागदाची घडी सरकवली असती तर चाललं असतं. शहरातल्या निम्म्या हॉटेलांत तसंच चालतं. म्हातारीनं वर्तमानपत्राचा कागद आणूनही दिला. मी तो घेतला, घडी केली, कुठे किती फट आहे ती त्या घडीनं मोजली, आणि कागद तिला परत दिला. टेबल पुन्हा उलटं करायला लावलं.

दुसऱ्यांदा रंधा मारला. हललं, पण कमी. तिसऱ्यांदा जास्त घेतलं गेलं, आता दुसरा कोपरा हलला. मुलगा म्हणाला, "बाबा, पाणी प्या." मी प्यालो. टेबल चौथ्यांदा उलटं झालं तेव्हा शेजारचे दोघं उचलायला आले होते आणि चौकटीत उभे राहून पाहत होते. मी या वेळी रंधा घेतला नाही, घासकागद घेतला आणि बसून हळूहळू घासत राहिलो. किती वेळ गेला ते माहीत नाही. सून दोनदा चहा घेऊन आली.

उभं केलं. मुलानं चारी कोपरे दाबले. मग नातीनं दाबले. मग शेजाऱ्यांनी दाबले, त्यांचा काही संबंध नसताना. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे आला आणि तिथंच राहिला.

"चार बार," मी नातीला म्हटलं. कोणी म्हणायच्या आधी मीच म्हटलं. "पहिले एका वेळी बसायचं. आता चार वेळा लागते. तुझ्या टेबलाला पाच लागतीन. तुले घाई असन तर मोबाइलवरून मागव."

ती टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होती. मग खाली वाकली आणि पायाच्या तळाशी, जिथं मी घासलं होतं तिथं, बोट लावून पाहिलं. वस्तू उलटी करून पाहणारं चौथं गिऱ्हाईक.

"कितने दिन?" तिनं विचारलं.

"दोन महिने. तीन धर."

"तीन चलेगा," ती म्हणाली. मुलानं करवत पुसून माझ्या पेटीत ठेवली. चुकीच्या कप्प्यात ठेवली, पण मी तेव्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन गुढियारीतल्या लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, गेलो. टालवाला जुना ओळखीचा. सहा वर्षांनी पाहून त्यानं खुर्ची पुसून दिली. मी सागवानाचे चार ओंडके नापास केले, पाचवा घेतला. त्याचे तुकडे करून द्यायला त्यानं माप विचारलं. फळ्यांचं सांगितलं, आडव्या पट्ट्यांचं सांगितलं.

"और पाये, मिस्त्री?"

"पाये दो इंच लंबे रखो."

"दो इंच? क्यों?"

"उधर का फर्श नहीं देखा अभी."

तो लिहून घ्यायला आत गेला. नात लाकडाच्या थप्पीवर बसली होती, तिच्या कपड्यांना भुसा लागला होता. तिनं ऐकलं होतं.

"आबा, मतलब आपको पूना आना पड़ेगा."

"मंग?"

"बीस घंटे का सफ़र है."

मी सांगितलं, खालची बर्थ पाहिजे.